उणे 196 अंशांवरचा दुधाचा दात

दात गोठवून ठेवण्याच्या धंद्याचं मूळ कोंबड्याच्या वीर्यात आहे, असं सांगितलं तर दंतवैद्यही हसतील. पण झालं तसंच. लंडनच्या उत्तर टोकाला मिल हिल इथे ब्रिटनची राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्था होती. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत तिथे ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि त्यांचे वरिष्ठ ॲलन पार्क्स एका प्रश्नाशी झटत होते: कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवून पुन्हा हलतेफिरते करता येतील का? फ्रुक्टोज साखरेच्या द्रावणात ते गोठवून पाहिले. फारसं हाती लागलं नाही, तेव्हा बाटल्या शीतपेटीत गेल्या आणि माणसं दुसऱ्या कामाला लागली.

काही महिन्यांनी त्याच बाटलीतल्या द्रावणात प्रयोग पुन्हा केला, तर शुक्रजंतू चक्क पोहू लागले. मग फ्रुक्टोजचं ताजं द्रावण बनवलं, तर पुन्हा सगळे मेलेले. चमत्कार त्या जुन्या बाटलीतच होता. तळाशी उरलेला थोडासा द्रव रसायनतज्ज्ञाकडे तपासायला गेला आणि उत्तर आलं की यात साखर नाहीच. आहे ते ग्लिसरॉल, पाणी आणि अंड्यातलं प्रथिन. काचपट्टीवर ऊतींचे काप चिकटवायला वापरतात ते मिश्रण त्याच शीतपेटीत होतं आणि लेबलांची अदलाबदल झाली होती. 1949 साली ‘नेचर’मध्ये हे काम छापून आलं. जिवंत पेशी गोठवण्याचं आजचं सगळं शास्त्र या घोटाळ्यापासून मोजायला हरकत नाही.

ग्लिसरॉल नेमकं करतं काय? पेशीभोवतालचं पाणी गोठतं तेव्हा बर्फ होतो तो शुद्ध पाण्याचा. त्यातले क्षार मागे राहतात आणि उरलेल्या द्रवात दाट होत जातात. मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटावं तसं पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी आक्रसून मरते. गोठवण्याची घाई केली तर उलटं होतं: पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि पेशीच्या आतच बर्फाचे स्फटिक धरतात. मिल हिलच्याच जेम्स लव्हलॉक यांनी (पुढे पृथ्वी हीच एक सजीव व्यवस्था आहे असं मांडून गाजले ते हेच) क्षारांच्या दाटपणाचा हा घात 1953 मध्ये रक्ताच्या तांबड्या पेशींवर दाखवला. 1959 मध्ये त्यांनी आणि मार्कस बिशप यांनी ग्लिसरॉलपेक्षा झटपट पेशीत शिरणारा दुसरा पदार्थ पुढे आणला, डायमिथिल सल्फॉक्साइड. प्रयोगशाळेत त्याला सगळे डीएमएसओच म्हणतात. लाकडापासून कागदाचा लगदा बनवताना निघणाऱ्या मालातून तो तयार होतो. डीएमएसओत गोठवलेल्या पेशी रुग्णाला चढवल्या की दिवसभर त्याच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. अमेरिकेतल्या ओक रिजचे पीटर मॅझूर यांनी उरलेलं गणित सोडवलं. प्रत्येक पेशीला गोठवण्याचा आपला असा वेग असतो. फार सावकाशही नको आणि फार घाईही नको. पुष्कळशा पेशींना मिनिटाला एक अंश हा वेग मानवतो. मग द्रव नायट्रोजन. उणे 196 अंश सेल्सिअसला पेशीतले रासायनिक व्यवहार जवळजवळ थांबतात.

या विद्येने मराठी मुलखात पाऊल टाकलं ते दवाखान्यातून नव्हे, गोठ्यातून. गांधीजींच्या उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहिलेले मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभारली. वळूंचं गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचं तिचं काम पुढे देशभर पसरलं. मोटारसायकलला बांधलेला नायट्रोजनचा कंटेनर, झाकण काढताच उसळणारी पांढरी वाफ, चिमट्याने उचललेली पाव मिलिलिटरची कांडी, ती कोमट पाण्यात अर्धं मिनिट बुडवणं. हे दृश्य पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही दूध उत्पादकाच्या ओळखीचं आहे. गावात तेव्हा मूलपेशी हा शब्द कुणी ऐकला नसेल, पण गोठवलेला जीव परत जागा होतो, यात त्याला नवल उरलं नव्हतं.

माणसाच्या बाबतीत भारताला हे पटायला वेळ लागला. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी एक मानवी भ्रूण डीएमएसओत गोठवून 53 दिवस ठेवला, मग गर्भाशयात सोडला, आणि ऑक्टोबर 1978 मध्ये मुलगी जन्माला आली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडात जन्मून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. सरकारी समितीने मुखोपाध्यायांना खोटं ठरवलं. 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांचं श्रेय त्यांना मिळवून दिलं ते मुंबईचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी, 1997 मध्ये मूळ टिपणं वाचून. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तोवर आनंदकुमारांच्याच मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या प्रयोगाचं नाव घेतलं जात होतं, हे लक्षात घेतलं की या सचोटीची किंमत कळते.

दात मात्र या सगळ्यापासून दूर होता. दुधाचा दात पडला की कुठे तो कौलांवर भिरकवायचा, कुठे उंदराच्या बिळात टाकायचा आणि त्याच्यासारखा बळकट दात मागायचा, एवढंच त्याचं भवितव्य. दंतवैद्यही तो पडू द्यायचे, कारण खालून पक्का दात येतोय हेच महत्त्वाचं. दाताच्या आत जो लालसर मऊ गर असतो, रूट कॅनाल करताना डॉक्टर ज्याला ‘नस’ म्हणतात, त्यात कुणाला रस नव्हता. रस होता तो ती काढून टाकण्यात.

वाट फुटली ती हाडाच्या बाजूने. अस्थिमज्जेतल्या काही पेशी, म्हणजे पुढे ज्यांना मूलपेशी म्हटलं गेलं त्या, काचेच्या भांड्याला चिकटून एकेकटीपासून वसाहती करतात आणि त्यांच्यापासून हाड बनू शकतं, हे मॉस्कोच्या अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी 1960 ते 70च्या दशकांत दाखवलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाला, स्टॅन ग्रॉन्थोस आणि साँगताओ शी यांनी तीच रीत अक्कलदाढेच्या गरावर लावली. त्यातूनही वसाहती उठल्या. उंदरांत रोवल्यावर त्या पेशींनी डेंटिन आणि त्याला चिकटलेला गर असं दातासारखं काहीतरी बनवलं. हे 2000 साली प्रसिद्ध झालं. अभ्यासकांपलीकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही.

चर्चा झाली ती तीन वर्षांनी, आणि ती एका लहान मुलीमुळे. शी स्वतः मुलांचे दंतवैद्य. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीचा दात पडला, तो हातात घेऊन दोघं पाहत बसले असताना आत लाल काहीतरी दिसलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेऊन पाहिलं, तर गर शाबूत. पुढचा दात पडला तेव्हा पेशी वाढवण्याचं द्रावण भरलेली नळी घरी तयार होती. मग इतर मुलांचेही दात गोळा झाले. एका पटाशीच्या दातातून वसाहत करू शकणाऱ्या पेशी मिळाल्या जेमतेम बारा ते वीस. पण त्या प्रौढांच्या दाढेतल्या पेशींपेक्षा भराभर वाढत होत्या. उंदरांमध्ये त्यांनी हाड घडवायला मदत केली आणि मेंदूत सोडल्यावर त्या टिकून राहिल्या. पूर्ण दात मात्र त्यांना बनवता आला नाही, आणि शोधनिबंधात तेही प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं.

बारा ते वीस पेशींचा एवढा गाजावाजा का झाला, हे कळायला तेव्हाची अमेरिका आठवायला हवी. भ्रूणातून मूलपेशी काढायच्या तर भ्रूण नष्ट होतो, म्हणून तिथे मोठा वाद पेटला होता. ऑगस्ट 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नव्या भ्रूणपेशींवरच्या संशोधनाचा सरकारी पैसा बंद केला. अशा वेळी कचऱ्यात जाणाऱ्या दुधाच्या दातात मूलपेशी सापडणं म्हणजे कुणाच्याच धर्मभावनेला न दुखावणारी बातमी. वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली. ‘मदत केली’ हे ‘बनवलं’ झालं, ‘उंदरात’ हा शब्द गळून पडला, आणि दुधाचा दात सगळ्या आजारांवरचा उतारा होऊन बसला.

विक्रीचा साचाही तयारच होता. 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या एका अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं. ते रक्त गोठवून अटलांटिकपार आणलं होतं. मुलगा बरा झाला. यातून न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी सार्वजनिक बँका निघाल्या आणि पाठोपाठ खासगीही. खासगी बँका सांगत होत्या, तुमच्या बाळाचं रक्त तुमच्याच बाळासाठी ठेवा. मूळ प्रयोगात रक्त बहिणीचं होतं. मुलाचं स्वतःचं रक्त साठवलेलं असतं तरी उपयोग शून्य, कारण जन्मजात दोष त्याच पेशींत होता. ही गोष्ट माहितीपत्रकांत सहसा नसायची.

दाताची पहिली व्यावसायिक बँक जपानात निघाली, 2004 साली, हिरोशिमा विद्यापीठाच्या आश्रयाने. तिच्यामागे होते दात सरळ करणारे डॉक्टर. तारा बसवताना जागा करायला ते धडधाकट दाढा काढतात. त्या फेकण्यापेक्षा आख्ख्या गोठवाव्यात आणि त्याच माणसाचा दात पुढे पडला तर रोवाव्यात, हा त्यांचा हिशेब. पेशींपेक्षा त्यांचा डोळा दातावरच होता. त्यासाठी वापरलेला फ्रीझर मासे आणि भाज्या ताज्या ठेवण्यासाठी निघालेल्या तंत्राचा. गोठताना भोवती मंद चुंबकीय क्षेत्र. त्या क्षेत्राने बर्फ धरण्यावर खरोखर परिणाम होतो का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. 2008 मध्ये तैपेईच्या वैद्यकीय विद्यापीठाने हिरोशिमाच्या साथीने अशीच बँक उघडली. अमेरिकेत टेक्सासमध्ये ‘बायोईडन’, मॅसॅच्युसेट्समध्ये ‘स्टोअर-अ-टूथ’ अशा कंपन्या आल्या. 2010च्या सुमारास मुंबईत ‘स्टेमेड’ने हेच काम सुरू केलं.

या बँकांत प्रत्यक्ष चालतं काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिली अडचण दात पडण्याच्या रीतीतच आहे. पक्का दात वर सरकतो तसतसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. दात आठवडाभर लोंबकळत राहिला, मुलाने जिभेने हलवत ठेवला, तर गराचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतलं मरतं. म्हणून दात पडायची वाट न पाहता तो हलू लागल्यावर डॉक्टरनेच काढावा लागतो. काढल्यावर गर गुलाबी दिसला, रक्त आलं, तर काम होण्याची आशा. पांढुरका किंवा करडा निघाला तर पाठवण्यात अर्थ नाही. पटाशीचे आणि सुळे चालतात. दाढा बहुधा किडलेल्या असतात, आणि कीड गरापर्यंत गेली असेल तर पेशींबरोबर जंतूच वाढवायचे.

मग दात क्षारांच्या द्रावणात किंवा, तेही नसेल तर, थंड दुधात बुडवून बर्फाच्या पिशव्यांसकट कुरिअरने जातो. प्रयोगशाळेत वरून निर्जंतुक करून काटेरी सुईने गर ओढून काढतात. तो भाताच्या शिताएवढा असला तरी पुष्कळ. कोलॅजेनेज आणि डिस्पेज ही विकरं त्याचे धागे विरघळवतात, सुट्या झालेल्या पेशी 37 अंशांवर वाढवतात, मग दहा टक्के डीएमएसओ घालून मिनिटाला एक अंश या चालीने खाली नेतात. वितळवून पाहताना ट्रिपॅन ब्लू नावाचा रंग टाकतात. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत रंग शिरू देत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या किती आणि चमकदार किती, यावर बँकेची अब्रू ठरते.

एवढा खटाटोप प्रत्येक दातामागे करायचा म्हणजे खर्च आला. म्हणून आख्खा दातच गोठवावा, लागेल तेव्हा पाहू, ही कल्पना पुन्हा पुन्हा डोकं वर काढते. पण डेंटिन आणि एनॅमल यांच्या भिंतीतून डीएमएसओ आत झिरपत नाही. मिलानमधल्या काही इटालियन संशोधकांनी 2012 मध्ये तोडगा काढला: लेसरने दाताला बारीक भोकं पाडायची आणि मग गोठवायचं. इंडियानापोलिसच्या गटाने मधला मार्ग धरला, पेशी न वाढवता नुसता गर गोठवायचा. अक्कलदाढ काढल्यावर पाच दिवसांनीही तिच्यातून चांगल्या पेशी मिळतात, हेही त्यांनी दाखवलं. नेपल्सच्या जिआनपाओलो पापाच्चो यांच्या गटाने दोन वर्षं गोठवलेल्या पेशी वितळवून त्यांच्याकडून हाड घडवून घेतलं होतं. गोठवण्याच्या बाजूने, थोडक्यात, तक्रारीला जागा कमीच. पोल्ज यांच्या बाटलीने सुरू केलेलं काम इथे चोख झालं आहे.

घोडं अडतं ते वितळवल्यानंतर करायचं काय, इथे. याच नेपल्सच्या गटाने 2009 मध्ये अक्कलदाढ काढल्यावर जबड्यात राहिलेला खड्डा रुग्णाच्याच दातातल्या पेशी आणि कोलॅजेनचा स्पंज वापरून भरला. हाड उत्तम भरलं. तीन वर्षांनी तुकडा काढून तपासला, तर तिथे नैसर्गिकरीत्या असायला हवं तसं सच्छिद्र हाड नव्हतं, घट्ट हाड होतं. बिघडलं काही नाही, पण जे होतं तेच परत मिळालं असंही म्हणता येईना. जपानात ओबू इथे मिसाको नाकाशिमा यांनी 2017 मध्ये नस खराब झालेल्या पाच रुग्णांच्या दातात त्यांच्याच काढलेल्या दातांतल्या पेशी भरून गर पुन्हा उगवतो का, ते पाहिलं. सगळ्यांत भरीव काम चीनमधल्या शीआनचं, 2018 मधलं. पडल्याने पुढचा पक्का दात मेलेल्या मुलांना त्यांच्याच दुधाच्या दातातून वाढवलेल्या पेशींचा गोळा त्या दातात बसवला. वर्षभरानंतर 26 मुलांमध्ये दाताचं मूळ लांब झालेलं, रक्तवाहिन्या आलेल्या आणि दाताला संवेदना परत आलेली आढळली. नेहमीचा उपचार केलेल्या 10 मुलांमध्ये तसं झालं नाही. मेलेला दात पुन्हा थंडगार पाण्याने शिवशिवतो, ही दंतवैद्यकात साधी गोष्ट नाही. शोधनिबंधावर शी यांचंही नाव आहे.

आता गंमत अशी की, या तिन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं टाकीत ठेवलेला दात कुणालाच लागला नाही. रुग्ण समोर होता, दात त्याच्या तोंडातच होता. शीआनच्या मुलांचे पुढचे दात मोडले तेव्हा त्यांचे इतर दुधाचे दात अजून जागेवर होते. साठवण उपयोगी पडायची तर रुग्ण चाळिशी-पन्नाशीत पोहोचायला हवा, आणि त्या वयाच्या मधुमेहावर किंवा पार्किन्सनवर दाताच्या पेशींचा सिद्ध झालेला उपचार आजही कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. बँका विकत होत्या तो विमा. पण ज्या आजाराचा विमा, त्याचं औषधच बाजारात नव्हतं. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्ये या विषयावर धोरण केलं, तेव्हा सभासदांना सल्ला दिला तो पुराव्यावर लक्ष ठेवण्याचा.

भारतात प्रश्न सरकारपर्यंत गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 मध्ये मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली. नाळेतल्या रक्ताच्या बँकेला परवाना मिळतो. बाकी कोणत्याही जैविक पदार्थाची व्यावसायिक बँक पुढील सूचनेपर्यंत चालवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट आहे. दातातला गर या बाकीच्यांत आला. ज्यांनी आधीच पैसे भरून मुलांचे दात ठेवले होते, त्या पालकांनी काय करायचं, हे मार्गदर्शक तत्त्वांत शोधून उपयोग नाही.

दुधाचे दात जपून ठेवण्याची एक वेगळी परंपराही आहे, आणि तिला नायट्रोजन लागत नाही. डिसेंबर 1958 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात नागरिकांच्या एका समितीने मुलांचे पडलेले दात मागायला सुरुवात केली. अणुचाचण्यांतून उडणारं स्ट्रॉन्शियम-90 गवतावर बसतं, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जातं आणि कॅल्शियमसारखंच दातात मुरतं. ते किती मुरलंय, हे डॉ. लुईझ रीस यांना मोजायचं होतं. आयांनी दातासोबत बाळाची जन्मतारीख, ठिकाण, आईचं दूध की वरचं, अशी माहितीची कार्डं भरून पाठवली. मुलांना बदल्यात मिळे ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असा बिल्ला. 1970पर्यंत तीन लाख वीस हजारांच्या आसपास दात जमले. 1963 मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत 1950 मध्ये जन्मलेल्यांच्या जवळजवळ पन्नासपट स्ट्रॉन्शियम निघालं. पुरी आकडेवारी यायच्या आधीच, सुरुवातीच्या निष्कर्षांच्या बळावर लुईझ यांचे पती डॉ. एरिक रीस यांनी सिनेटसमोर साक्ष दिली, आणि 1963च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत वातावरणातल्या अणुचाचण्या थांबवणाऱ्या करारावर सह्या झाल्या.

नॉर्वेने 2008 मध्ये हाच धडा पुढे नेला. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने आणि बर्गेन विद्यापीठाने लाखभर मुलांचे दुधाचे दात कोरडेच साठवायचं ठरवलं. गर्भात असताना मुलापर्यंत कुठले धातू, कुठली प्रदूषकं पोहोचली, ते त्या दातांच्या थरांत वाचायचं. कुणाचाही दात त्याला स्वतःला परत मिळणार नाही. आणि सेंट लुईसचे न वापरलेले सुमारे 85 हजार दात 2001 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात पाकिटांसकट सापडले. हार्वर्डचे मार्क वाइसकॉफ आता कार्डांवरच्या नावांवरून सत्तरीकडे झुकलेल्या दात्यांचा माग काढत आहेत. बालपणी शरीरात गेलेलं शिसं आणि उतारवयातली स्मरणशक्ती यांचा काही संबंध आहे का, हे त्यांना त्या दातांवरून तपासायचं आहे.